शिरोबिंदू वगळण्याचे प्रश्न आणि पॅरामीटराइज्ड अल्गोरिदम : नव्याने शिकणाऱ्यांसाठी पायऱ्या

एखाद्या ग्राफमधून, म्हणजे शिरोबिंदू आणि त्यांच्या जोड्यांना सांधणाऱ्या कडा यांच्या जाळ्यातून, जास्तीत जास्त के शिरोबिंदू वगळून उरलेला ग्राफ आपल्याला हव्या त्या रूपात आणता येईल का, असा या कुळातल्या सगळ्या प्रश्नांचा सांगाडा असतो. उरलेल्या ग्राफमध्ये एकही कड नको असेल तर त्या प्रश्नाला व्हर्टेक्स कव्हर म्हणतात. एकही चक्र नको असेल तर फीडबॅक व्हर्टेक्स सेट. विषम लांबीचे चक्र तेवढे नको असेल तर ऑड सायकल ट्रान्सव्हर्सल. आणि उरलेल्या प्रत्येक घटकात, म्हणजे कडांनी जोडलेल्या प्रत्येक सुट्या तुकड्यात, कोणतेही दोन शिरोबिंदू एकमेकांना थेट जोडलेले हवे असतील तर क्लस्टर व्हर्टेक्स डिलीशन. पुण्यात पदव्युत्तर वर्गात प्रकल्पासाठी हा विषय घेतलेल्या किंवा हिंजवडीतली नोकरी सांभाळून रात्री तो वाचू पाहणाऱ्या अनेकांना प्रत्येक सिद्धता सुटी सुटी समजते, पण कोणते तंत्र कधी हाती घ्यायचे हे उमगत नाही. त्यासाठी हा लेख आहे. यात सिद्धता फारशा नाहीत, क्रम मात्र आहे, आणि तो क्रम एकाच प्रश्नावर उभा आहे : शेवटी काय उरायला हवे?

पुढे २^के असे लिहिले असेल तेथे २ चा के-वा घात असे वाचावे, आणि एन म्हणजे शिरोबिंदूंची एकूण संख्या.

१. बसण्यापूर्वी काय जवळ हवे

- कोरी वही. पाच-सहा शिरोबिंदूंचे ग्राफ हाताने काढल्याशिवाय या विषयात पाऊल पडत नाही.
- पायथॉन किंवा सी प्लस प्लस. शिकताना पायथॉन पुरते. मोठ्या फायली सोडवायच्या असतील तर सी प्लस प्लस.
- एक पाठ्यपुस्तक. आठ लेखकांनी मिळून लिहिलेले आणि स्प्रिंगरने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेले इंग्रजी पाठ्यपुस्तक आज बहुतेक ठिकाणी वापरतात. त्या आठांपैकी साकेत सौरभ हे चेन्नईच्या गणितीय विज्ञान संस्थेतले. त्यांनी आणि नीलधारा मिश्रा यांनी शिकवलेला अभ्यासक्रम एनपीटीईएलवर विनामूल्य आहे. पहिली चार प्रकरणे आणि त्यासोबतची व्याख्याने एवढ्यावर या लेखातले सगळे भागते.
- तयार ग्राफच्या फायली. पेस चॅलेंज या स्पर्धेत २०१६ मध्ये फीडबॅक व्हर्टेक्स सेट, २०१९ मध्ये व्हर्टेक्स कव्हर आणि २०२२ मध्ये दिशायुक्त ग्राफमधला फीडबॅक व्हर्टेक्स सेट हे प्रश्न होते, आणि त्यांच्या फायली खुल्या आहेत. व्हर्टेक्स कव्हरच्या फायलींत शिरोबिंदूंचे क्रमांक १ पासून सुरू होतात. आपला कार्यक्रम (संगणकाचा प्रोग्रॅम) ० पासून मोजत असेल तर पहिल्याच दिवशी घोटाळा होतो.

संगत मिळाली तर उत्तम. पाषाणच्या आयसर पुणे या संस्थेच्या संकेतस्थळावर व्याख्यानांच्या सूचना लागतात, त्या पाहत राहाव्यात. गणितज्ञ श्रीराम अभ्यंकरांनी १९७६ मध्ये स्थापन केलेले भास्कराचार्य प्रतिष्ठान विधी महाविद्यालय रस्त्याच्या परिसरात आहे, आणि गणिताच्या माणसाला पुण्यात ते ठाऊक असायलाच हवे.

२. उरलेला ग्राफ कसा हवा, हे एका वाक्यात लिहून काढा

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि पुढचे सगळे अडखळणे येथूनच सुरू होते. समजा, महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनासाठी दोनशे प्रवेशिका आल्या आहेत. दोन प्रवेशिका एकत्र ठेवता येत नसतील, तर त्यांच्यात कड काढली. कारण काहीही असेल : तोच तबलजी, तेच नेपथ्य, तीच वेळ. कमाल २० प्रवेशिका वगळून उरलेल्या सगळ्या निर्वेध होतील का? येथे वाक्य असे होते : ‘उरलेल्या ग्राफमध्ये एकही कड नको.’ म्हणजे हे व्हर्टेक्स कव्हर आहे.

वाक्य लिहून झाले की त्याच्याखाली निषिद्ध आकृत्यांची यादी करा, म्हणजे ज्या लहान आकृत्या उरलेल्या ग्राफमध्ये आढळता कामा नयेत त्यांची. व्हर्टेक्स कव्हरसाठी यादीत एकच आकृती आहे, ती म्हणजे एक कड. क्लस्टर व्हर्टेक्स डिलीशनसाठीही एकच : तीन शिरोबिंदू, ज्यांपैकी मधला दोन्ही टोकांना जोडलेला आहे, पण टोके एकमेकांना जोडलेली नाहीत. फीडबॅक व्हर्टेक्स सेटसाठी मात्र त्रिकोण, चौकोन, पंचकोन अशी यादी कधी संपतच नाही. यादी संपते की संपत नाही, यावरून पुढे पाचवी पायरी पुरेल की सहावीपर्यंत जावे लागेल हे ठरते.

यात एक सापळा आहे. क्लस्टरच्या आकृतीत ‘टोके जोडलेली नाहीत’ ही अट तितकीच महत्त्वाची आहे. ती विसरून कार्यक्रम लिहिला तर त्रिकोणही निषिद्ध ठरतो आणि उत्तर निष्कारण मोठे येते. आकृती शोधताना निवडलेल्या शिरोबिंदूंमधल्या मूळच्या सगळ्या कडा जशाच्या तशा धरायच्या असतात, आणि जेथे कड नाही तेथे ती नाही हेही तपासायचे असते.

३. प्रश्न खरोखर अवघड आहे का, आणि पॅरामीटर कोणता, हे तपासा

लुइस आणि यानाकाकिस यांनी १९८० मध्ये दाखवलेल्या निष्कर्षाचा आशय असा आहे : हवा असलेला गुणधर्म आनुवंशिक असेल, म्हणजे शिरोबिंदू काढत गेल्याने तो कधी बिघडत नसेल, आणि अगणित ग्राफांमध्ये तो आढळत असून अगणित ग्राफांमध्ये आढळत नसेल, तर कमीत कमी शिरोबिंदू वगळून तो मिळवणे एनपी-हार्ड असते, म्हणजे त्यासाठी झटपट आणि अचूक अशी सर्वसाधारण पद्धत नसावी असेच मानतात. वर सांगितलेले चारही प्रश्न यात बसतात.

हा निष्कर्ष सर्वसाधारण ग्राफांबद्दल आहे, तुमच्या हातातल्या ग्राफबद्दल नव्हे. स्नेहसंमेलनाच्या उदाहरणात टक्कर फक्त वेळेचीच असेल, म्हणजे प्रत्येक प्रवेशिकेला सुरुवात आणि शेवट ठरलेला असून त्या एकमेकींवर चढतात एवढेच कारण असेल, तर तयार होणारा ग्राफ इंटरव्हल ग्राफ असतो. त्यावर लवकर संपणारी प्रवेशिका आधी निवडत जाण्याची साधी पद्धत क्षणार्धात अचूक उत्तर देते. तबलजी आणि नेपथ्य मध्ये आले की ही सोय जाते. ग्राफ द्विभाजित असेल, म्हणजे शिरोबिंदूंचे दोन गट पडून प्रत्येक कड एका गटातून दुसऱ्या गटात जात असेल, तरीही व्हर्टेक्स कव्हर सोपे आहे. माझे स्पष्ट मत असे आहे की प्रकल्पाच्या अहवालात ‘आमचा ग्राफ सोप्या वर्गात का बसत नाही’ हा परिच्छेद असल्याशिवाय पुढे जाऊच नये.

आता पॅरामीटर, म्हणजे ज्या आकड्यावर अवघडपणाचा भार टाकायचा तो; येथे के. आपल्याला हवा तो अल्गोरिदम असा, की ज्याच्या वेळेत सगळा स्फोट फक्त के मध्ये कोंडलेला आहे आणि एन वर फक्त बहुपदी भार आहे, म्हणजे एन चा घात ठरलेला असून तो के बरोबर वाढत नाही. त्याला एफपीटी (फिक्स्ड-पॅरामीटर ट्रॅक्टेबल) म्हणतात. २०० मधून २० शिरोबिंदूंचे सगळे संच तपासायचे म्हटले तर ते सुमारे १.६ गुणिले १०^२७ भरतात. तेच २^२० म्हणजे १०,४८,५७६. पहिल्या पद्धतीची वेळ एन^के या जातीची आहे; के स्थिर धरला की ती बहुपदी दिसते खरी, पण तिला एफपीटी म्हणत नाहीत, आणि तोंडी परीक्षेत हमखास हाच प्रश्न विचारला जातो.

दुसरी गफलत उलट बाजूची आहे. किती वगळायचे याऐवजी किती उरायला हवे हा पॅरामीटर धरला, तर तोच ग्राफ आणि तेच उत्तर असूनही प्रश्न इंडिपेंडंट सेट (आपापसांत एकही कड नसलेल्या शिरोबिंदूंचा संच शोधणे) होतो, आणि तो डब्ल्यू-१-हार्ड आहे. म्हणजे त्याला एफपीटी अल्गोरिदम नसावा असेच तज्ज्ञ मानतात. शिवाय वगळण्याचा प्रत्येक प्रश्न एफपीटी असतोच असेही नाही. एका चक्रातल्या सगळ्या शिरोबिंदूंना जोडलेला एक मधला शिरोबिंदू, अशी चाकासारखी आकृती ग्राफमध्ये उरू नये हा प्रश्न डब्ल्यू-२-हार्ड, म्हणजे याच अर्थाने अवघड, असल्याचे लोकश्तानोव यांनी २००८ मध्ये दाखवले.

४. आधी ग्राफ लहान करा

फांद्या फोडण्याआधी, म्हणजे एकेक पर्याय धरून पाहण्याआधी, जे निश्चित आहे ते उरकून घ्यायचे असते. व्हर्टेक्स कव्हरसाठी तीन नियम पुरतात. ज्याला एकही कड नाही तो शिरोबिंदू टाकून द्या. ज्याला एकच शेजारी आहे, त्याच्या शेजाऱ्याला उत्तरात घ्या. ज्याची डिग्री, म्हणजे त्याला लागलेल्या कडांची संख्या, के पेक्षा जास्त आहे त्याला उत्तरात घ्यावेच लागते, कारण तो सोडला तर त्याचे के पेक्षा जास्त शेजारी घ्यावे लागतील. हे नियम लागू होईनासे झाल्यावर के-वर्गापेक्षा जास्त कडा उरल्या असतील तर उत्तर ‘नाही’. म्हणजे के २० असेल तर सुरुवातीचा ग्राफ कितीही अवाढव्य असो, शेवटी ४०० पेक्षा जास्त कडा असलेल्या ग्राफवर काम करावे लागत नाही. या लहान झालेल्या ग्राफला कर्नल म्हणतात. नेमहाउझर आणि ट्रॉटर यांच्या १९७५ च्या प्रमेयाने तर शिरोबिंदूंची संख्याच २ के वर आणता येते, पण त्यासाठी लिनिअर प्रोग्रॅमिंग लागते. ते दुसऱ्या फेरीसाठी ठेवा.

लक्षात ठेवायचे एवढेच, की एक शिरोबिंदू उत्तरात गेला की के एकाने घटतो, आणि के घटला की तिसऱ्या नियमाची मर्यादाही खाली येते. त्यामुळे नियम एकदा फिरवून थांबू नये. काहीच बदलत नाही तोवर फिरवत राहावे.

५. यादी संपणारी असेल तर फांद्या फोडा

निषिद्ध आकृत्यांची यादी मर्यादित असली की एक सर्वसाधारण पद्धत तयारच आहे. लेझेन काय यांनी ती १९९६ मध्ये मांडली. ग्राफमध्ये एखादी निषिद्ध आकृती शोधा. तिच्यातला किमान एक शिरोबिंदू वगळावाच लागणार, म्हणून प्रत्येकासाठी एक फांदी काढा आणि के एकाने कमी करा. आकृतीत जास्तीत जास्त डी शिरोबिंदू असतील तर फांद्यांचे झाड डी^के पेक्षा मोठे होत नाही. व्हर्टेक्स कव्हरसाठी २^के, क्लस्टरसाठी ३^के. सिद्धता एका परिच्छेदात संपते आणि कार्यक्रम एका पानात.

थोडा विचार केला तर पाया, म्हणजे जिचा के-वा घात घ्यायचा ती संख्या, बराच खाली येतो. व्हर्टेक्स कव्हरमध्ये तीन किंवा अधिक शेजारी असलेला शिरोबिंदू निवडा. एका फांदीत तो उत्तरात जातो आणि के एकाने घटतो. दुसऱ्या फांदीत तो राहतो, म्हणून त्याचे सगळे शेजारी उत्तरात जातात आणि के किमान तीनने घटतो. असा शिरोबिंदूच उरला नाही, तर ग्राफमध्ये फक्त मार्ग आणि चक्रे उरलेली असतात, आणि त्यांचे उत्तर थेट मोजता येते. या झाडाचा पाया १.४६५६ येतो. के २० असताना २^२० च्या जागी सुमारे २,१०० टोकाच्या फांद्या! पायाची वहीवर आकडेमोड करताना एक्स-घन = एक्स-वर्ग + १ हे समीकरण सोडवायचे असते; ते स्वतः एकदा सोडवून पाहा.

चेन, कांज आणि शिआ यांनी हा पाया १.२७३८ पर्यंत आणला, आणि नंतर तो आणखी खाली गेला आहे. नवशिक्याने त्या मागे लागू नये. त्या अल्गोरिदमांतल्या प्रकरणांची संख्या एवढी असते की कार्यक्रमातली चूक सापडणे अशक्य होऊन बसते, आणि प्रत्यक्षात चौथ्या पायरीचे नियम प्रत्येक फांदीत पुन्हा लावल्याने जो वेग मिळतो तो बहुधा जास्त असतो.

कार्यक्रम लिहिताना प्रत्येक फांदीत संपूर्ण ग्राफची प्रत करू नका. काढलेले शिरोबिंदू एका स्टॅकवर ठेवा आणि फांदी संपली की ते परत जोडा. आणि ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच न परतवता प्रत्यक्ष संच परतवा, कारण सातव्या पायरीत तो लागणार आहे.

६. यादी न संपणारी असेल तर : इटरेटिव्ह कॉम्प्रेशन

फीडबॅक व्हर्टेक्स सेटमध्ये सापडलेले चक्र एन शिरोबिंदूंचेही असू शकते, आणि त्यावर फांद्या फोडल्या तर आपण पुन्हा एन^के वर येतो. रीड, स्मिथ आणि वेट्टा यांनी २००४ मध्ये ऑड सायकल ट्रान्सव्हर्सलसाठी वापरलेली युक्ती येथे कामी येते. ही पायरी मी मुद्दाम सावकाश सांगतो, कारण बहुतेक जण येथेच पुस्तक मिटतात.

शिरोबिंदू एकेक करून ग्राफमध्ये आणायचे. आतापर्यंतच्या ग्राफसाठी के आकाराचे उत्तर हातात आहे. नवा शिरोबिंदू आला की त्यालाही उत्तरात टाका. के + १ आकाराचे उत्तर फुकट मिळाले. आता काम एवढेच, की या उत्तराचा आकार एकाने कमी करता येतो का ते पाहायचे. कोठल्याही टप्प्यावर कमी करता आले नाही तर संपूर्ण ग्राफसाठीही उत्तर ‘नाही’ असते. हा शेवटचा निष्कर्ष गुणधर्म आनुवंशिक असल्यामुळेच काढता येतो; ‘उरलेला ग्राफ जोडलेला हवा’ अशा गुणधर्माला ही पद्धत लावणारे लोक फसतात ते येथे.

आकार कमी कसा करायचा? जुन्या उत्तरातले कोणते शिरोबिंदू नव्या उत्तरातही राहतील याचा अंदाज घ्या. असे २^(के + १) अंदाज होतात. राहणारे सगळे ग्राफमधून काढून टाका. जुन्या उत्तरातल्या उरलेल्यांना ‘पक्के’ म्हणू, कारण त्यांना आता वगळायचे नाही. पक्क्यांमध्येच चक्र असेल तर तो अंदाज तेथेच सोडा. नसेल, तर पक्के मिळून एक वन (एकही चक्र नसलेला ग्राफ), आणि बाहेरचे, म्हणजे जुन्या उत्तरात नसलेले, मिळून दुसरे वन, असे चित्र तयार होते. पक्क्यांच्या संख्येपेक्षा एकाने कमी एवढेच बाहेरचे शिरोबिंदू वगळून सगळी चक्रे तोडायची आहेत. बाहेरच्या शिरोबिंदूंसाठी नियम असे :

- डिग्री ० किंवा १ असेल तर तो काढून टाका; तो कोणत्याही चक्रात नाही.
- पक्क्यांच्या एकाच घटकात त्याच्या दोन कडा जात असतील तर त्याला वगळावेच लागते.
- डिग्री नेमकी २ असेल आणि शेजाऱ्यांपैकी किमान एक बाहेरचा असेल, तर त्याला काढून त्याच्या दोन शेजाऱ्यांना थेट जोडा.

हे नियम संपले की बाहेरच्या वनातले एखादे पान, म्हणजे त्या वनात जास्तीत जास्त एकच शेजारी असलेला शिरोबिंदू, घ्या. त्याच्या किमान दोन कडा पक्क्यांच्या वेगवेगळ्या घटकांत जातात. त्याला वगळले तर शिल्लक मर्यादा एकाने घटते. त्याला पक्के केले तर ते दोन घटक जुळून घटकांची संख्या किमान एकाने घटते. मर्यादा आणि घटकांची संख्या यांची बेरीज दोन्ही फांद्यांत खाली येते, आणि ती सुरुवातीला पक्क्यांच्या दुपटीपेक्षा कमीच असते. म्हणून एका अंदाजाला पक्क्यांच्या संख्येएवढा ४ चा घात लागतो आणि सगळ्या अंदाजांची बेरीज ५^(के + १) च्या आत बसते. मर्यादा एकटी पाहिली तर दुसरी फांदी काहीच प्रगती करत नाही असे वाटते. दोन गोष्टींची बेरीज पाहिली की सगळे उलगडते.

तिसऱ्या नियमात दोन सापळे आहेत. पहिला, थेट जोडताना तेथे आधीच कड असेल तर आता दुहेरी कड होते, आणि दुहेरी कड हेही चक्रच असते. पायथॉनमधल्या नेटवर्कएक्स या ग्राफ-संग्रहाचा साधा ग्राफ दुसरी कड मुकाट्याने गिळतो, चक्र नाहीसे होते आणि उत्तर चुकीचे लहान येते, मल्टिग्राफ वापरा. दोन्ही कडा एकाच शेजाऱ्याकडे जात असतील तर त्या शेजाऱ्यावर फास (स्वतःकडेच परतणारी कड) तयार होतो आणि त्याला वगळावे लागते. दुसरा सापळा, दोन्ही शेजारी पक्के असताना हा नियम लावू नका. तो शिरोबिंदू वगळूनच ते चक्र तुटणार असते, आणि तुम्ही त्यालाच काढून पक्क्यांमध्ये न तुटणारे चक्र तयार केलेले असते.

वेग हवा असेल तर पहिल्या शिरोबिंदूपासून सुरुवातच करू नका. एखाद्या झटपट पद्धतीने मोठे का असेना, एक उत्तर काढा. ते सोडून उरलेले सगळे वनच आहे. त्यात त्या उत्तरातले के शिरोबिंदू घातले तर के आकाराचे उत्तर आपोआप मिळते, आणि फेऱ्या उरतात त्या फक्त उरलेल्या शिरोबिंदूंच्या. बाफना, बर्मन आणि फुजितो यांची पद्धत उत्तमाच्या दुपटीत बसणारे उत्तर देते, म्हणजे के पुरेसा असेल तर फेऱ्या के पेक्षा जास्त होत नाहीत. त्या पद्धतीचे उत्तर २ के पेक्षा मोठे आले, तर पुढे काही न करता ‘नाही’ म्हणता येते.

७. तपासणीशिवाय कार्यक्रमावर विश्वास ठेवू नका

सहा शिरोबिंदूंवर क्रमांकित ग्राफ एकूण २^१५ म्हणजे ३२,७६८ आहेत. ते सगळेच्या सगळे तयार करा, प्रत्येकावर सर्व ६४ उपसंच तपासून खरे उत्तर काढा आणि आपल्या अल्गोरिदमशी ताडून पाहा. पायथॉनमध्येही हे थोड्या वेळात होते. यादृच्छिक ग्राफ घेऊन तपासणे पुरेसे नाही, कारण वर सांगितलेले दुहेरी कडेचे प्रसंग त्यांत विरळ असतात. प्रत्येक ग्राफवर तीन गोष्टी पाहा : आकार बरोबर आहे का, परतलेला संच वगळल्यावर उरलेला ग्राफ खरोखर हवा तसा आहे का, आणि के एकाने कमी दिल्यावर उत्तर ‘नाही’ येते का. तिसरी तपासणी लोक विसरतात, आणि के ऋण झाल्यावर न थांबणारा कार्यक्रम नेमका तेथेच उघडा पडतो.

अहवालात वेळेचे आलेख देताना एन वाढवून के स्थिर ठेवलेला एक, आणि के वाढवून एन स्थिर ठेवलेला एक, असे दोन वेगळे द्या. एकाच आलेखात दोन्ही वाढवले तर परीक्षकाला काहीच कळत नाही.

८. यानंतर कोठे वळावे

ऑड सायकल ट्रान्सव्हर्सल हा स्वाभाविक पुढचा टप्पा. तेथे फांद्यांच्या जागी किमान छेद (दोन भाग एकमेकांपासून तोडणारा सर्वांत लहान संच) येतो आणि वेळ ३^के या जातीची मिळते. ग्राफला दिशा दिल्या की फीडबॅक व्हर्टेक्स सेट एकदम अवघड होतो : तो एफपीटी असल्याचे चेन, लिऊ, लू, ओसलिव्हन आणि राझगोन यांनी २००८ मध्ये दाखवले, पण दिशाहीन ग्राफसाठी तोमासे यांनी दिला तसा बहुपदी आकाराचा कर्नल दिशायुक्त ग्राफसाठी आहे की नाही, हा प्रश्न खुला आहे. तो प्रकल्पासाठी निवडू नका. त्याऐवजी २०२२ च्या स्पर्धेच्या फायली घेऊन फक्त कमी करण्याचे नियम लिहा आणि कोणत्या नियमाने किती शिरोबिंदू गळतात याचा तक्ता करा. एका सत्रात पूर्ण होईल एवढे काम त्यात नक्की आहे.